ऑगस्टची बैठक एप्रिलमध्ये घ्या

प्रति,
आरोग्य समितीचे सभापती व सदस्य, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी,
विदर्भातील सर्व जिल्हा परिषदा

विषय : खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना पावसाळ्याआधी इन्फ्लुएंझाची लस आणि तापाच्या पहिल्या दोन दिवसांत उपचार मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

ज्या वर्षी फ्लूची साथ जोरात असते त्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास एक तातडीची बैठक बोलावली जाते. तोवर ‘स्वाईन फ्लूचा बळी’ अशी बातमी छापून आलेली असते. औषधसाठ्याचा आढावा होतो, तालुक्यांना पत्रं जातात, भित्तिपत्रकं छापायला टाकली जातात. ती उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटतात तेव्हा पोळा होऊन गेलेला असतो. ही बैठक एप्रिलमध्ये घ्या, एवढीच माझी मागणी आहे. बाकीचं पत्र त्या एका मागणीचा खुलासा समजा.

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. नोकरी कापसाच्या पट्ट्यात झाली, माहेर धानाच्या मुलखातलं. त्यामुळे डवरणीचा पावसाळा माहीत आहे आणि रोवणीचाही. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसली. घरातली धडधाकट माणसं दिवसभर वावरात असतात, लेकरं शाळेत असतात, आणि खाटेवरचं म्हातारं माणूस संध्याकाळपर्यंत एकटं असतं. त्याचा ताप कोणाला दिसत नाही. दिसला तरी ‘पावसाचं वातावरण आहे, थंडी भरली असेल’ म्हणून सोडून दिला जातो.

आधी हंगामाचं सांगते, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. फ्लू म्हटलं की आपल्या डोक्यात हिवाळा येतो. श्रीनगरसारख्या उत्तरेच्या टोकाला ते खरंही आहे. पण देशाच्या बहुतेक भागात, आपल्या इकडे धरून, इन्फ्लुएंझाचा मोठा चढ जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत येतो. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान दुसरा येतो, तो बहुधा लहान असतो. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मृग ७-८ जूनला लागतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. शाळा उघडल्या की थोड्याच दिवसांत वर्गातली नाकं वाहायला लागतात, आणि नातवाचं नाक पुसलं जातं ते आजीच्या पदराला. म्हणजे मे महिना संपेपर्यंत आजीच्या दंडात लस गेलेली असली पाहिजे. हे गणित तिसरीतल्या पोराला जमेल. आपल्या खरेदीच्या फायलीला मात्र जमत नाही.

खरेदीचीच गोष्ट निघाली आहे तर एक बारकावा. हा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. कोणत्या विषाणूंची लस करायची हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात, पण आपली साथ पावसाळ्यात. म्हणून आपल्याला एप्रिल-मे महिन्यांत जी ताजी लस मिळू शकते ती सप्टेंबरच्या शिफारशीवर बनलेली, दक्षिण गोलार्धाची. ‘उत्तरेची नवीन लस येऊ द्या’ असा शेरा मारून कोणी फाईल थांबवली, तर लस येईपर्यंत साथ ऐन भरात असते. दुसरं, चार घटकांच्या महाग लसीचा हट्ट धरू नका. चौथा घटक ज्याच्यासाठी असतो तो, फ्लूच्या ‘बी’ प्रकारातला यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनाच आता तीन घटकांची लस पुरेशी मानते. जो पैसा वाचेल त्यात आणखी माणसांना लस टोचता येईल.

आणि विदर्भाचा मे महिना! ४५ अंशांच्या उन्हात लसीकरण कसं करायचं, हा प्रश्न बैठकीत नक्की येईल, आणि तो रास्तच आहे. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि गोठली तरी वाया जाते. पण हे आपल्याला नवीन नाही. बालकांच्या लसी याच उन्हात, याच आयएलआर फ्रिजमधून, याच लसवाहक डब्यातून वर्षानुवर्षं गावोगाव जातात. बर्फाच्या पॅकमधलं पाणी खुळखुळल्याशिवाय तो डब्यात भरायचा नाही, हे आमच्या सेविकांना झोपेत विचारलं तरी सांगता येतं. सत्र सकाळी सात ते दहा ठेवा. उन्हाळ्यात म्हातारी माणसं तशीही पहाटे उठून ओट्यावर बसलेली असतात. दहानंतर त्यांना उन्हात बोलावणं म्हणजे फ्लू टाळायला उष्माघात घेणं. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी डबा घेऊन जावं लागेल. करोनाच्या वेळी आपण तेही केलं.

यादी करायला नवीन सर्वेक्षण काढू नका, हात जोडून विनंती. सर्वेक्षणाचा अर्ज छापण्यात उन्हाळा जातो. श्रावणबाळ योजनेची यादी तहसीलमध्ये आहे. तीस वर्षांवरच्या लोकांचं मधुमेह-रक्तदाबाचं तपासणीपत्रक आशाताईंनी घरोघर जाऊन भरलेलं आहे. मतदार यादीत वय आहे. या तीन याद्या शेजारी ठेवल्या की कोणाला आधी टोचायचं ते एका दुपारी ठरतं. साधारण तीस हजार वस्तीचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शंभरात दहा माणसं साठीच्या पुढची धरली, तर तीन हजार होतात. तेवढ्या लसी पहिल्या वर्षी मिळणार नाहीत, हे मलाही कळतं. मग पासष्टीच्या पुढचे आणि त्यातही मधुमेह, हृदयविकार, किडनीचा आजार किंवा दमा असलेले आधी घ्या. जन्मभर चुलीपुढे बसून ज्यांची छाती धुरानं भरली त्या बायांना यात विसरू नका. त्यांच्या कागदावर कोणताच आजार लिहिलेला नसतो, कारण त्यांची छाती कधी कोणी तपासलेलीच नसते. सिकलसेलची घरं तर आपल्याला नावानिशी माहीत आहेत. आणि आशा, सेविका, आरोग्य सेवक, समुदाय आरोग्य अधिकारी यांना सर्वांत आधी टोचा. दिवसभर खोकल्याच्या घरांत फिरणारं माणूसच संध्याकाळी दुसऱ्या घरी विषाणू पोचवू शकतं.

लसीबद्दल लोकांना खोटं सांगू नका. करोनाच्या लसीच्या वेळी ‘काही होत नाही, घ्या’ म्हणून गळ घातली, मग दोन दिवस अंग दुखलं, अन् लोकांचा विश्वास गेला. या वेळी सरळ सांगा: दंड दुखेल, एखादा दिवस अंग कसकसेल. लसीत जिवंत विषाणू नाही, त्यामुळे लसीनं फ्लू होत नाही. आणि हेही सांगा की लस घेतली तरी फ्लू होऊ शकतो. लस आणि विषाणू यांची जुळणी चांगली असते त्या वर्षी एकूण लोकांत डॉक्टरकडे जाण्याइतका आजार ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हाताऱ्या शरीरात लस त्याहून कमी काम करते. तरीही ती घ्यावी, कारण दवाखान्यात भरती होण्याची आणि दगावण्याची वेळ कमी येते. एवढं ऐकून म्हातारा म्हणेल, ‘मंग घेऊ काहून?’ त्याला उत्तर द्यायला पाच मिनिटं काढा. पाच मिनिटं बोलून टोचलेला माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून येतो.

आता पैशाचं. खासगी दवाखान्यात ही लस एका माणसाला हजार ते दोन हजारांच्या घरात पडते. श्रावणबाळचं महिन्याचं अर्थसाहाय्य दीड हजार. कोणती म्हातारी महिन्याचं मीठ-मिरची सोडून सुई घेईल? भारतात ४५ वर्षांवरच्या लोकांचा २०१७-१८ मध्ये मोठा अभ्यास झाला, त्यात इन्फ्लुएंझाची लस घेतलेले शंभरात जेमतेम दीड निघाले. आणि दुसऱ्या बाजूला ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं वय वंदना कार्ड आहे. व्हेंटिलेटरला पाच लाख आहेत, सुईला हजार नाहीत. राज्यानं २०१५ च्या साथीनंतर गरोदर माता, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, ही चांगली गोष्ट झाली. पण ती ऐच्छिक आहे. खेड्यात ‘ऐच्छिक’चा अर्थ असा होतो की ज्याला माहीत असेल तो मागेल, आणि माहीत कोणालाच नसतं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही, म्हणून ती कोणाच्या उद्दिष्टात येत नाही, आणि उद्दिष्टात नाही त्याचा मासिक सभेत कोणी जाब विचारत नाही. हे मी आतून पाहिलेलं आहे. जिल्हा परिषदेचा सेस निधी आहे, जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष आहे. त्या शीर्षाखाली काय काय बसवलं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. एक वर्ष म्हाताऱ्यांची लस बसवून पाहा.

लस चुकली किंवा लस घेऊनही आजार झाला, तर पुढे काय? इथे दोन दिवसांचा हिशोब आहे, आणि तो फार कडक आहे.

केंद्राच्या आरोग्य खात्यानं स्वाईन फ्लूच्या रुग्णांसाठी अ, ब, क अशा पायऱ्या केव्हाच आखून दिल्या आहेत. साधा सर्दी-ताप ‘अ’ मध्ये. घरी विश्रांती, विषाणूवरची गोळी नाही. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं म्हणजे ‘क’, लगेच भरती. ‘ब’ पायरीत एक वाक्य असं आहे की ते प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर रंगवलं पाहिजे. पासष्ट किंवा त्याहून जास्त वय असेल, किंवा मधुमेह, हृदय, फुफ्फुस, किडनीचा आजार असेल, तर फ्लूच्या लक्षणांवरूनच ओसेल्टामिवीर ही विषाणूवरची गोळी सुरू करायची. तपासणीची गरज नाही. म्हणजे नमुना नागपूरला पाठवून अहवालाची वाट पाहत बसायचं नाही. ही गोळी त्रास सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिली तर सर्वांत जास्त उपयोग. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनी अधू असेल तर डॉक्टरांनी मात्रा कमी करायची. गोळी म्हणजे जादू नव्हे. साध्या आजारात तिचा फायदा किती, यावर जगभरच्या तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण ज्याला ती द्यायचीच आहे त्याला जितका उशीर तितका तिचा फायदा घटतो.

आणि आपल्याकडे पहिले पाच दिवस कसे जातात? पहिल्या दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी गावात फेरी मारणारा डॉक्टर आणि त्याची ताकदीची सुई. तिसऱ्या दिवशी सलाईन, कारण घरचेच म्हणतात, ‘एक बाटल लावून द्या न साहेब, उद्या वावरात जाणं आहे.’ त्या सुईत बहुतेकदा डायक्लोफेनॅक आणि डेक्सामिथासोन असतं. ताप उतरतो, बुढा उठून भाकर मागतो, डॉक्टरचं नाव होतं. पण पहिलं औषध म्हाताऱ्या किडनीला जड, दुसरं साखर वाढवणारं आणि विषाणूशी लढणारी शक्ती दाबणारं. जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसीन, जे विषाणूला काहीच करत नाही. पाचव्या दिवशी धाप लागते, तेव्हा १०८ ला फोन जातो. मी गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन मोकळी होणार नाही. रात्री दोन वाजता दार उघडतो तो तोच. त्यालाही एप्रिलच्या बैठकीला बोलवा. तालुक्याच्या औषध दुकानदारांनाही बोलवा. ओसेल्टामिवीर २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानात विकता येतं, पण प्रत्येक दुकानात ते ठेवलेलं असेलच असं नाही.

म्हाताऱ्याचा फ्लू ओळखणं हे वेगळंच काम आहे, आणि माझ्या मते आशाताईंच्या प्रशिक्षणात त्यावर एक आख्खा दिवस जावा. तरुणाला फ्लू झाला की तो फणफणतो, खोकतो, अंग मोडून पडतो. ऐंशीच्या बाईचा ताप कधी कधी चढतच नाही. ती जेवण टाकते. न्हाणीत पडते. अंथरूण ओलं करते, जे आधी कधी केलं नव्हतं. घरचे सांगतात, ‘आबाजी कालपासून काहीच्या काही बोलून राहिले,’ आणि सगळे समजतात की म्हातारचळ लागला किंवा बाहेरचं झालं. दोन दिवसांत अचानक आलेला असा बदल म्हणजे आजार समजायचा, वय नव्हे. पावसाळ्यात, घरात कोणी खोकत असताना असं झालं, तर फ्लूचा विचार आधी करायचा.

दुसरं, हृदयाचं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्फ्लुएंझाची खात्री झाल्यानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट निघालं. आपल्या गावात अशा माणसाबद्दल ‘अटॅकनं गेले’ एवढंच सांगतात. आठवडाभर आधी ताप-खोकला होता का, हे नोंदवायला मृत्यूच्या रजिस्टरात रकाना नाही आणि विचारायला माणूस नाही. म्हणून फ्लूनं किती म्हातारे जातात याचा तुमच्याकडचा आकडा नेहमी लहान दिसतो. या आकड्यावर विसंबून बैठक पुढे ढकलू नका.

पण प्रत्येक ताप फ्लू समजला तर त्यानंही माणसं मरतील. गडचिरोलीत तापाच्या माणसाची आधी मलेरियाची तपासणी, बाकी सगळं नंतर. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसनं, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापानं, माणसं गेली. अंगावर, काखेत, कमरेच्या घडीत काळा खपलीसारखा डाग दिसतो का ते पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यावरचं औषध डॉक्सीसायक्लीन स्वस्त आहे. डेंग्यू असतोच. फवारणीच्या दिवसांत वावरातून आलेल्या माणसाला धाप, घाम, लाळ असेल तर कपडे काढून अंग धुवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या. यवतमाळचा २०१७ चा फवारणीच्या विषबाधेचा हंगाम आपण विसरलेलो नाही. सत्तरीतले कितीतरी शेतकरी अजून पंप पाठीवर घेतात.

करोनात आशाताईंना बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायची ऑक्सिमीटर दिली होती. त्यातली किती चालू आहेत? माझ्या माहितीतली बहुतेक डब्यात पडून आहेत, कारण दोन सेल कोणी बदलून देत नाही. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत मुक्त निधी असतो. त्यातून सेल घेता येतात. आजारी म्हाताऱ्याकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन मोजायचं. बोट थंड असेल तर चोळून गरम करून लावायचं, नाहीतर आकडा चुकतो. ९४ च्या खाली गेलं की घरी ठेवायचं नाही. जुन्या दम्याच्या माणसाचा आकडा एरवीच कमी असू शकतो, म्हणून त्याचा बरा असतानाचा आकडा मे महिन्यातच, लस टोचताना, वहीत लिहून ठेवायचा.

त्याच भेटीत घरच्यांना सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ते कोणी सांगत नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या तापात ‘गरम पडतात’ म्हणून बंद करू नका. साखरेच्या माणसाला गुळाचा काढा वाटीवाटीनं पाजू नका. गवती चहा, अडुळसा, जे आवडतं ते द्या, पण पाणी, पेज, वरण पोटात गेलं पाहिजे आणि लघवी होते आहे का ते पाहा. तापाला पॅरासिटामॉल पुरे. खोकणाऱ्या माणसानं तोंड बांधावं, खाट खिडकीजवळ घ्यावी. आणि एकाच पन्नीतून चौघांच्या हातात फिरणारा खर्रा निदान साथीत तरी फिरवू नये. यावर पुरुष मंडळी हसतात, बाया हसत नाहीत.

एप्रिलच्या बैठकीच्या टिपणीत चार गोष्टी आल्या तरी पुरे: प्रत्येक केंद्रात पासष्टीच्या पुढचे किती, त्यांच्यासाठी लसी किती आणि कोणत्या निधीतून, गावनिहाय सत्रांच्या तारखा, आणि प्रत्येक उपकेंद्रावर ओसेल्टामिवीर व चालू ऑक्सिमीटर आहे की नाही. ३१ मे रोजी केंद्रनिहाय किती म्हाताऱ्यांना लस दिली हा आकडा जिल्हा परिषदेच्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. सत्रांना हात कमी पडत असतील तर आमच्यासारख्या निवृत्त सेविका-सहायिका तालुक्यातालुक्यात आहेत. सकाळी सात ते दहा बसायला आम्ही तयार आहोत. मानधन नको, फक्त डबा आणि बर्फ वेळेवर पोचवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
पश्चिम विदर्भ